पुनवेची सुट्टी

मालवणला बदली झाली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या मजकुरात कुणी मर्दुमकी शोधत बसणार नाही. मी घाटावरचा, माणदेशाच्या बाजूचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, ती आटली की टँकरचं. आणि मासा म्हणजे आठवडेबाजारात पोत्यावर मांडलेला सुका बोंबील. अशा माणसाला बँकेने २००२ साली मालवणात कर्ज विभागात आणून बसवलं आणि मच्छीमारांच्या होड्या, जाळी, इंजिनं यांची प्रकरणं बघायला सांगितलं. होडीची नाळ कुठली आणि वरामा कुठला हे मला कळत नव्हतं. अर्जावर शेरा मात्र मीच मारायचो.

त्यानंतरच्या वीसेक वर्षांत एका मित्राबरोबर पन्नास-साठ पौर्णिमा मी रात्रभर समुद्रात काढल्या. आम्ही गरवायला जायचो. गरवणं म्हणजे जाळ्याशिवाय, नुसत्या गरीने मासे धरणं. हातात तंगूस, त्याच्या टोकाला शिसं, एक-दोन गऱ्या आणि आमिष, एवढाच सरंजाम. तो पिढीजात मच्छीमार, मी हौशी. या रात्रींनी मला मासेमारी शिकवली असं म्हणता यायचं नाही, कारण ती मला अजून धड येत नाही. पण हप्ता, मुदत, थकबाकी हे शब्द मी रोज दहा वेळा लिहीत होतो, त्यांचा अर्थ मला त्या होडीत लागला. तोही उशिरा, आणि एक चूक करून झाल्यावर.

तो पहिल्यांदा बँकेत आला आउटबोर्ड इंजिनाच्या कर्जासाठी. होडीची पाहणी करायला कधी येऊ, असं मी विचारलं. तो म्हणाला, "पुनवेक येवा सायबानू. होडीय गावतली नि मीय गावतलंय."

मला वाटलं, काही देवाधर्माचं असेल. पौर्णिमेला दांडीच्या किनाऱ्यावर गेलो तर होड्या वाळूवर ओढलेल्या, माडांच्या सावलीत जाळी पसरलेली आणि माणसं सुयांनी फाटके डोळे सांधत बसलेली. मालवणात कांडाळीला, म्हणजे गिलनेटला, न्हय म्हणतात. ती पाण्यात पडद्यासारखी उभी राहते. अंधारात माशाला तो पडदा दिसत नाही, तो सरळ येतो, डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. चांदण्यात मात्र पडदा दिसतो. त्यात पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जास्त, न्हय धड उभी राहत नाही, गुंडाळली जाते. म्हणून पुनवेच्या अलीकडचे-पलीकडचे तीन-चार दिवस त्याच्या न्हयी बहुतेक घरीच. हे सगळं त्याने मला एका वाक्यात सांगितलं होतं. "आज आपणाक दिसता, तसा तेंकाय दिसता." मी ते पाहणी-अहवालात लिहिलं नाही. अहवालात तसा रकाना नव्हता.

सुई खाली ठेवून त्याने विचारलं, "गरवूक येतास?" जाळ्याला सुट्टी असली तरी घरच्या कालवणाला सुट्टी नसते, म्हणून त्या दिवसांत तो एकटा गरवायला जायचा. मी हो म्हटलं. का म्हटलं ते अजून मला सांगता येत नाही.

ती त्रिपुरी पौर्णिमा होती. संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी, त्यामुळे होडी लांबपर्यंत वाळूवरून ढकलत न्यावी लागली. मी नेसत्या पँटसह कमरेपर्यंत भिजलो, मग त्याने मला दंडाला धरून आत ओढून घेतलं, पोतं घ्यावं तसं. सिंधुदुर्ग किल्ला उजव्या हाताला राहिला. सूर्य बुडत होता आणि मागे डोंगरांवरून चंद्र वर येत होता; एक डावीकडे, एक उजवीकडे व्हावा म्हणून मी होडीत आडवा बसलो, तशी तो ओरडला, "मधी बसा!"

तासाभराने तो इंजिन मंद करून मागे जमिनीकडे बघू लागला. देवळाजवळचा एक दिवा आणि मागच्या डोंगराची खांद, ही दोन्ही एका रेषेत आली पाहिजेत. दुसरीकडे निवतीच्या बाजूची एक खूण आणि दीपगृहाचा उजेड. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडप आहे. जीपीएस पुढे आलं, पण त्याची ही जुळवणी कधी सुटली नाही. त्याने नांगर टाकला आणि दोर हातांनी मोजत सोडला. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. बारा वाव दोर गेल्यावर नांगर तळाला लागला.

नांगरलेली होडी चालत्या होडीपेक्षा वाईट हलते, हे मला तोवर माहीत नव्हतं. अर्ध्या तासात माझ्या पोटातलं सगळं अरबी समुद्राला गेलं. सगळं म्हणजे दुपारचा एक चहा. उलटी होईल या भीतीने मी काही खाल्लंच नव्हतं. तो म्हणाला, "पोटात कायतरी घाला आधी. रिकाम्या पोटाक दर्यो जास्ती लागता." त्याने फडक्यातली तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर पुढे केली. त्या अवस्थेत सुका बांगडा! पण मी भाकरीचा कोरडा तुकडा चघळला, त्याच्या सांगण्यावरून पायाशी बघणं सोडून किनाऱ्यावरच्या दिव्यांवर नजर ठेवली, आणि तासाभरात माणसात आलो. तेव्हापासून मी समुद्रात उपाशी गेलो नाही. एकदा कोजागिरीला मात्र अतिशहाणपणा करून थर्मासभर आटवलेलं दूध नेलं होतं. ते कुठे गेलं हे सांगायला नको.

चांदण्याचं कौतुक मी पुष्कळ वाचलं होतं. समुद्रात बसून पाहिलेलं चांदणं फसवं असतं. शंभर हातांवरचा बोया दूरच्या होडीसारखा दिसतो आणि दूरची होडी बोयासारखी. अंधाऱ्या रात्री वल्ह्यामागे पाणी चमकतं, ते पौर्णिमेला दिसतच नाही. आणि रंग तर चांदण्यात टिकतच नाहीत. त्या रात्री त्याने पहिली तांबोशी वर काढली ती मला काळी दिसली. मी म्हटलं, ही तांबडी कुठे आहे? तो हसला. पहाटे फटफटलं तेव्हा टोपलीतला तोच मासा हळूहळू लाल होत गेला, आणि मी टोपलीशेजारी उकिडवा बसून ते बघत राहिलो.

गरवण्यात डोळ्यांना तसं कामच नसतं. सगळं काम तर्जनीचं. तंगूस बोटावरून सोडायचा, शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं, आणि मग बोट सैल ठेवून बसायचं. मी पहिली दोन वर्षं तंगूस मुठीत आवळून बसत होतो. आवळलेल्या मुठीला फक्त आपल्याच नाडीचे ठोके कळतात. तो सांगायचा, "घट धरू नको. बोटार ठेव नुसतो." हळूहळू बोटाला अक्षरओळख झाली. ढोमा टकटक करतो, दार वाजवणाऱ्या पोरासारखा. वर आला की होडीत कुरकुरत राहतो. शेंगाळा सावकाश, जड, हमालाने पोतं ओढावं तसा ओढत नेतो. तांबोशी घेते आणि थेट खाली खडपाकडे सुटते, तिला पहिल्या दोन हातांतच थोपवावं लागतं. गोबरा सगळ्यांत लबाड. तो आमिष घेऊन खडपाच्या कपारीत जाऊन बसतो आणि आपल्याला वाटतं गरी दगडात अडकली. अशा वेळी नवखा माणूस ओढतो आणि तंगूस तोडतो. जुना माणूस ढील देतो. ओढ गेली की गोबऱ्याला वाटतं संकट टळलं, तो बाहेर येतो; तेव्हा ओढायचं. ही ढील देण्याची गोष्ट मी बोटाने शिकलो होतो. डोक्यापर्यंत ती पोचायला आणखी काही वर्षं गेली.

पौर्णिमेच्या रात्रीला आपलं एक वेळापत्रक असतं. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ असतो. पौर्णिमेला तो सव्वाअकराच्या आसपास येतो. मालवणला भरती त्याहून थोडी आधी. म्हणजे चंद्र माथ्यावर यायच्या थोडं आधी भरती पुरी. तोवर पाणी इतकं ओढतं की शिसं तळाला टिकत नाही, तंगूस तिरका जातो. मग पाणी थांबतं. भरती संपलेली आणि ओहोटी लागलेली नाही, अशी ती अर्ध्या-पाऊण तासाची वेळ. मासे लागायचे ते त्याच वेळात. पाच-सहा तास बसायचं ते त्या अर्ध्या तासासाठी. बाकीचा वेळ गप्पा. आणि गप्पा संपल्यावरची शांतता, जी मला आधी अवघड वाटायची आणि नंतर हवीशी वाटू लागली.

शेंगाळ्याची एक आठवण हाताला अजून आहे. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे असतात, आणि त्यांना विष असतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मला आत्मविश्वास आला होता. मी शेंगाळ्याच्या तोंडातून गरी काढायला गेलो, त्याने अंग झटकलं आणि काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. कळ खांद्यापर्यंत गेली. मी चक्क रडलो. त्याने काटा उपसला, जखम दाबून रक्त काढलं आणि माझ्या चहासाठी थर्मासात आणलेलं गरम पाणी डब्यात ओतून हात त्यात धरायला लावला, सोसेल तितकं गरम. कळ हळूहळू उतरली. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं की या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो, म्हणून हाच प्रथमोपचार. त्याला कारण माहीत नव्हतं, आजोबा करायचे एवढं माहीत होतं. मात्र मला त्याहून लक्षात राहिलं ते त्याचं नंतरचं वागणं. त्याने तो शेंगाळा मारला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फडक्यात धरून काटे मोडले आणि टोपलीत टाकला. "तेचा काम तेणा केला," एवढंच म्हणाला.

दुसरी गोष्ट इंजिनाची. आमच्याच बँकेच्या कर्जातून घेतलेलं इंजिन. माघातली पौर्णिमा, रात्रीचे दोन. जागा बदलावी म्हणून त्याने दोरी ओढली तर ते सुरूच होईना. प्लग काढून पुसला, पुन्हा ओढली. इंधनात पाणी गेलं होतं. त्या वेळी मतलई वारे सुटलेले, म्हणजे वारा जमिनीकडून समुद्राकडे. नांगर उचलला तर होडी किनाऱ्यापासून आणखी दूर जाणार. आसपास एकही होडी नाही, कारण पुनवेची सुट्टी. मोबाईल माझ्याकडे होता, त्याला रेंज नव्हती. मी घाबरून वल्हं हातात घेतलं. त्याने ते काढून खाली ठेवलं, पुढे गेला आणि नांगराचा दोर आणखी सात-आठ वाव सोडला.

मला कळेना. आधीच अडकलोय आणि हा दोर सैल सोडतोय. तो म्हणाला की दोर आखूड असला तर लाटेबरोबर नांगराला वर हिसका बसतो आणि तो सुटतो. लांब असला की ओढ तळाला आडवी लागते, नांगर आणखी रुततो. "वारो फिरतलो अकराक. तवसर निजा." आणि तो खरंच झोपला. मी जीवरक्षक जाकीट, जे एरवी उशाला घेत होतो, ते अंगात घालून पहाटेपर्यंत जागा राहिलो. चंद्र मावळला, सूर्य उगवला, ऊन चढलं. मतलई पडला. पाणी तेलासारखं झालं. साडेदहा-अकराला पश्चिमेकडून पहिली झुळूक आली. त्याने उठून ताडपत्री वल्ह्याला बांधली, तिचं शीड केलं, नांगर उचलला आणि दुपारी दोनला आम्ही किनाऱ्याला लागलो. तो सोमवार होता. शाखेत माझी बिनपगारी रजा लागली.

ही गोष्ट मी पुढे बँकेत रंगवून सांगायचो. सगळे हसायचे. पण तिच्यातलं शहाणपण मी वापरलं नाही, आणि ते न वापरल्याची गोष्ट आता सांगायला हवी.

त्यानंतरच्या एका हंगामात मासळी फार कमी आली. बांगडा किनाऱ्यालगत आलाच नाही म्हणा ना. त्याचे तीन हप्ते थकले. नव्वद दिवस उलटले की खातं अनुत्पादक होतं, शाखेच्या ताळेबंदावर डाग पडतो, तपासनीस येणार होते. थकबाकीदारांना नोटिसा काढायचं काम माझं. चाळीसेक नोटिसांच्या गठ्ठ्यात त्याची होती. मी नाव वाचलं, क्षणभर थांबलो आणि सही केली. नियमाने तेच बरोबर होतं. तोंडी सांगायला किनाऱ्यावर जाणं जमलं असतं. दांडी शाखेपासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी गेलो नाही. लाज वाटत होती, म्हणून पोस्टाने पाठवली.

तो नोटीस घेऊन काउंटरशी आला. चार वर्षांत आम्ही एकमेकांना अरेतुरे करू लागलो होतो. त्या दिवशी तो म्हणाला, "सायबानू, सय तुमची मा?"

मी मान हलवली. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि आठवड्याभरात तिन्ही हप्ते भरले. आमच्या वहीत खातं स्वच्छ झालं. पैसे कुठून आणले ते मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मासळीच्या व्यापाऱ्याकडून त्याने उचल घेतली होती. उचल घेतली की मासळी त्यालाच द्यायची आणि तो म्हणेल त्या दराला द्यायची. पुढची दोन वर्षं सुरमई आली काय आणि सरंगा आला काय, भाव दुसऱ्याच्या हातात. म्हणजे आम्ही आमची थकबाकी वसूल केली नव्हती, ती व्यापाऱ्याच्या वहीत ढकलली होती. आणि ती उचल आमच्या व्याजापेक्षा कितीतरी महाग होती.

नऊ पौर्णिमा गेल्या. मी चंद्र शाखेच्या मागच्या खिडकीतून पाहिला. एका दुपारी तो दारात उभा. "गरवूक येतस?" 'येतास' नव्हे, 'येतस'. मी त्या एका अक्षरावर रात्रभर समुद्रात बसायला तयार होतो.

माफी मागायची म्हणून मी होडीत वाक्यं जुळवत होतो. पाणी थांबायच्या वेळेला तोच बोलला, तंगुसावरून नजर न काढता. "तुझी तारीख पाच. माझी तारीख चंद्राक इचार." बस्स. माझ्या वाक्यांची गरज उरली नाही.

मग मी कागद घेऊन बसलो. आमचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. त्याची कमाई अवसेच्या आगेमागे. पाच तारीख कधी अवसेनंतर चार दिवसांनी येते, तेव्हा खिशात पैसे असतात. कधी पुनवेनंतर चार दिवसांनी, तेव्हा खिसा रिकामा. पावसाळ्यात दोनेक महिने मासेमारी बंद. कमाई शून्य, हप्ता चालू. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम सुरू करायचा, तेव्हा दोन महिन्यांची थकबाकी डोक्यावर असायची. पाच वर्षं मच्छीमारांची कर्जं बघणाऱ्या माणसाला हे दिसू नये? ऊस उत्पादकाचा हप्ता कारखान्याच्या पट्टीला जोडायचा असतो, हे मी घाटावर शिकून आलो होतो. समुद्रालाही हंगाम असतो एवढं मला सुचलं नाही, कारण घाटावरच्या डोळ्यांना समुद्र बारा महिने सारखाच दिसतो.

वरिष्ठांना पटवायला वर्ष गेलं. जून-जुलै वगळून वर्षाला दहा हप्ते, आणि पाच तारखेऐवजी महिन्याच्या आत कधीही भरायची मुभा, एवढाच बदल आमच्या शाखेपुरता झाला. फार मोठं काही नव्हतं. पुढे २०१८-१९च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही देण्याची घोषणा झाली, तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही. आम्ही वाव-दोन वाव दोर सोडायलाच एवढी वर्षं घेतली.

एका पौर्णिमेला आम्ही गेलो नाही, तीही सांगायला हवी. ३ डिसेंबर २०१७, दत्तजयंती. चंद्र पृथ्वीच्या जवळ येणार, नेहमीपेक्षा मोठा दिसणार, अशा बातम्या होत्या. मी तेव्हा कुडाळला होतो. महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं. 'ओखी' वादळाच्या बातम्याही येत होत्या, पण कन्याकुमारीकडचं वादळ आपल्याला काय करणार, असा माझा हिशोब. दुपारी दांडीला पोचलो. तो किनाऱ्यावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. वारा जवळजवळ नव्हता. लाटा मात्र लांब, संथ, एकीच्या मागे एक, आणि फुटताना आवाज जड.

"वारो नाय, मगे ही लाट खंयसून इली?" तो म्हणाला. मला उत्तर नव्हतं. लाट लांबच्या वादळाची होती. वाऱ्याच्या आधी ती पोचली होती. मी म्हटलं, जवळच जाऊन येऊ. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. शेजाऱ्यांना हाका मारून होड्या आणखी वर ओढायला घेतल्या. मीही दोराला हात लावला. रात्री पौर्णिमेच्या उधाणात त्या लाटा मिसळल्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पाणी वस्तीत शिरलं. देवबागेतल्या लोकांनी ती रात्र जागून काढली. देवगडच्या बंदरात केरळ, तमिळनाडू, कर्नाटकाच्या नौका आसऱ्याला आल्या. आठ वर्षांपूर्वी, २००९च्या नोव्हेंबरात 'फयान'ने कोकणचे किती खलाशी नेले ते त्याला ठाऊक होतं. त्यांतले काही त्याच्या ओळखीचे होते. त्या रात्री त्याच्या पडवीत बसून मी मोठा चंद्र पाहिला. आमच्या जोडीतली सर्वांत चांगली पुनव कोणती असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन.

अलीकडच्या वर्षांत अंधाऱ्या रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर एखादं गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. एलईडीवाल्यांचे. जनरेटर लावून पाण्यावर आणि पाण्यात झगझगीत उजेड करायचा, त्याला भुलून मासळी गोळा झाली की मोठं जाळं टाकून सगळा थवा उचलायचा. केंद्राने २०१७ साली अशा मासेमारीवर बंदी घातली, राज्याने २०२१ साली १९८१च्या कायद्यात सुधारणा करून दंड वाढवला. दिवे अजून दिसतात. पौर्णिमेला मात्र त्यांचा उजेड फिका पडतो, मासळी दिव्याकडे येत नाही, आणि क्षितिज पुन्हा रिकामं होतं. त्याच्या न्हयीला आणि त्यांच्या जनरेटरला एकदम सुट्टी देणारा असा एकच मालक उरलाय. मी हे त्याला म्हटलं तर तो म्हणाला की त्यांची सुट्टी तीन दिवसांची, नुकसान आपलं महिन्याचं. मी गप्प बसलो. हिशोबात तो कधीच कच्चा नव्हता.

मी निवृत्त झालोय. कुडाळला राहतो. न्हयीवर आता त्याचा मुलगा जातो. तो जीपीएसवर खडपं साठवून ठेवतो आणि आम्हा दोघांना म्हाताऱ्यांची जोडी म्हणतो. गेल्या थंडीत एका पौर्णिमेला गेलो. मित्राच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, शस्त्रक्रिया करू-करू म्हणतोय. नांगर टाकल्यावर त्याने गरी हातात घेतली, तंगूस तिच्या नेढ्यात घालायला बघितलं, दोनदा चुकला. मी काही न बोलता गरी घेतली, ओवली, गाठ मारली. त्यानेच शिकवलेली गाठ. त्याने ती बोटांनी चाचपून बघितली, ओढून बघितली, आणि हसला. "आता तेंकाच दिसता, माका नाय."

त्याच्या बोटाला मात्र सगळं दिसत होतं. पाणी थांबलं त्या अर्ध्या तासात त्याला पाच तांबोश्या आणि दोन गोबरे लागले, मला एक शेंगाळा आणि एक ढोमा. पहाटे किनाऱ्याला आल्यावर नेहमीसारखी वाटणी. वीस वर्षं हाच रिवाज आहे: तीन ढीग, एक त्याचा, एक माझा, एक होडीचा. होडीला वाटा असतो, कारण तिलाही लाकूड-डांबर लागतं. हौशीच्या चार माशांतही तो वाटा सुटत नाही. होडीच्या वाट्याचे मासे विकून तो पैसे एका डब्यात टाकतो. या वेळी ढीग मी लावले. उजाडत होतं, काळ्या तांबोश्यांवर रंग चढू लागला होता. मी त्याच्या ढिगात एक तांबोशी जास्त सरकवली आणि म्हटलं, बघ, झालं.

तो खाली बसला. तिन्ही ढिगांवरून एकदा हात फिरवला. मग आपल्या ढिगातली ती तांबोशी शेपटीला धरून उचलली आणि होडीच्या वाट्यात टाकली.